रेनेसान्स, रेटरिक आणि इंग्लिशचा प्रोफेसर: एका जुन्या वाटणीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या इंग्लिशच्या प्रोफेसरला विचारलं की तुमचा विषय काय, आणि उत्तर आलं 'रेनेसान्स लिटरेचर अँड रेटरिक', तर आपल्याकडे एम.ए. इंग्लिश केलेला माणूस त्यातलं अर्धंच ऐकतो. रेनेसान्स, म्हणजे युरोपचा प्रबोधनकाळ, कळतं, शेक्सपिअर, मार्लो, स्पेन्सर, डन, बेकनचे निबंध, मिल्टन, सगळ्यांच्या नोट्स काढलेल्या असतात, पेपर दिलेला असतो. रेटरिक म्हटलं की मात्र डोळ्यापुढे अलंकारांची यादी येते, सिमिली, मेटाफर, हायपरबोली, व्याख्या लिहा, उदाहरण द्या, दोन मार्क घ्या आणि पुढे चला. मग प्रश्न पडतो की एवढा मोठा प्रोफेसर आयुष्यभर या यादीवर रिसर्च करतो म्हणजे नक्की करतो काय?

तर रेटरिक म्हणजे मुळात समोरच्याला पटेल असं बोलण्या-लिहिण्याची कला, आणि सोळाव्या शतकात साहित्य आणि रेटरिक हे दोन विषय नव्हतेच. एकच घर होतं, एकच चूल. ज्या वर्गात मुलगा भाषण रचायला शिकायचा त्याच वर्गात तो कविता वाचायला शिकायचा आणि त्याच वहीत दोन्हीचा हिशोब असायचा. वाटणी झाली ती नंतर, खरं तर बरीच नंतर, आणि त्या वाटणीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा असलेला माणूस म्हणजे हा आपला प्रोफेसर. त्याचं काम कळायचं असेल तर ते एकत्र घर आधी बघावं लागतं.

सुरुवात इटलीत होते. पेट्रार्क या इटालियन कवीला १३४५ साली व्हेरोनात सिसेरोची, म्हणजे प्राचीन रोममधल्या सगळ्यात नावाजलेल्या वक्त्याची, पत्रं सापडली, म्हणजे अॅटिकस नावाच्या मित्राला लिहिलेली, आणि ज्या सिसेरोला तो देवच मानत होता तो त्यात चांगलाच चिडचिड करणारा, राजकारणात कोलांट्या मारणारा माणूस निघाला. पेट्रार्क इतका नाराज झाला की त्याने सिसेरोलाच, म्हणजे तेराशे नव्वदेक वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला, तक्रारीचं पत्र लिहिलं. मग १४१६ साली पोज्जो ब्राच्चोलिनी, हा पोपच्या ऑफिसातला सेक्रेटरी, कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला आला होता, तिथून सवड काढून तो सेंट गॅलच्या मठात गेला आणि धूळ खात पडलेल्या हस्तलिखितांत त्याला क्विंटिलियन या प्राचीन रोमन वक्तृत्वशिक्षकाचा पूर्ण ग्रंथ मिळाला. तोवर युरोपकडे बहुतेक तुटक्या प्रतीच होत्या. बारा भागांचा ग्रंथ, मूल पाळण्यात असल्यापासून ते कोर्टात उभं राहून बोलेपर्यंत वक्ता कसा घडवायचा याचा सगळा अभ्यासक्रम. १४२१ मध्ये लोदीला सिसेरोचे वक्तृत्वावरचे ग्रंथ पूर्ण सापडले. या सगळ्या मंडळींच्या दृष्टीने ही नुसती जुनी पुस्तकं नव्हती, शाळा कशी चालवायची याचं मॅन्युअलच हाती लागलं होतं.

इंग्लंडमध्ये हे मॅन्युअल प्रत्यक्षात उतरवलं ते इरॅस्मस या डच विद्वानाने. लंडनच्या सेंट पॉल्स चर्चचा डीन जॉन कोलेट याने साधारण १५०९ च्या सुमारास नवी शाळा काढली आणि तिच्यासाठी इरॅस्मसने १५१२ साली एक लॅटिन पाठ्यपुस्तक लिहिलं, 'दे कोपिया' म्हणून ओळखलं जातं ते. विषय एकच, एक गोष्ट किती प्रकारांनी सांगता येते. आणि मग त्याने करूनच दाखवलं. 'तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला' हे एवढंसं वाक्य घेतलं आणि ते फिरवायला लागला, तुझं पत्र वाचून मी हरखलो, तुझ्या अक्षरांनी माझ्या मनाची मरगळ झटकली, तुझ्या चिठ्ठीपुढे मधही फिका, असं करत करत शंभराच्या वर रूपं, क्रियापद बदल, कर्ता बदल, होकाराचं नकारात आण, अतिशयोक्ती कर, प्रश्न कर. वाचताना पहिल्यांदा हसू येतं, तिसाव्या वाक्याला कंटाळा येतो आणि साठाव्याला लक्षात येतं की हा माणूस काय करतोय, तो मुलाच्या हातात भाषेचे सगळे सांधे मोकळे करून देतोय. शेक्सपिअरची पात्रं एकच भाव आठ ओळी फिरवत राहतात आणि तरी ओळ शिळी होत नाही, त्याचं मूळ हे असल्या रियाजात आहे, नुसत्या प्रतिभेत नाही. (प्रतिभा होतीच, पण ती सगळ्यांनाच सापडत नाही आणि रियाज सगळ्यांनाच करावा लागायचा.)

शाळा म्हणजे ग्रामर स्कूल, आणि ग्रामर म्हणजे लॅटिन ग्रामर. उन्हाळ्यात सकाळी सहाला शाळा भरायची ती संध्याकाळी पाचपर्यंत, मुलं फक्त मुलगेच, वेताची छडी कायम हाताशी. आधी लिलीचं व्याकरण घोकायचं, मग इसापच्या गोष्टी, टेरेन्सची नाटकं, ओव्हिड, व्हर्जिल, सिसेरोची पत्रं. शिकवण्याची एक रीत रॉजर अॅस्कमने वर्णन केली आहे, हा एलिझाबेथचा ती राणी व्हायच्या आधीचा मास्तर. त्याचं पुस्तक तो गेल्यावर त्याच्या बायकोने १५७० मध्ये छापून आणलं. मुलाला सिसेरोचा एक उतारा द्यायचा, त्याने तो एका वहीत इंग्लिशमध्ये उतरवायचा, मग मूळ पुस्तक काढून घ्यायचं, तासभर जाऊ द्यायचा आणि मग आपलंच इंग्लिश समोर ठेवून दुसऱ्या वहीत ते परत लॅटिनमध्ये न्यायचं. शेवटी दोन्ही लॅटिन शेजारी शेजारी ठेवून मास्तर दाखवणार की इथे सिसेरोने हा शब्द का घेतला आणि तू का नाही घेतलास. छडीबद्दल अॅस्कमचं मत अगदी स्पष्ट होतं, मारून मुलं विद्येचा तिरस्कार करायला शिकतात. त्याच्या देशातल्या बहुतेक मास्तरांनी हे काही फार मनावर घेतलेलं दिसत नाही.

वरच्या वर्गात आफ्थोनियसचे सराव यायचे. हा चौथ्या शतकातला ग्रीक शिक्षक, त्याच्या चौदा सरावांचं लॅटिन रूप सोळाव्या शतकात शाळाशाळांत चालायचं. गोष्ट सांगा, सुभाषित घेऊन त्याचा विस्तार करा, एखादी दंतकथा खोटी कशी ते सिद्ध करा, तीच खरी कशी ते सिद्ध करा, कोणाची तरी स्तुती करा, कोणाची तरी निंदा करा, दोघांची तुलना करा, एखाद्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोला. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे वाचताना ओळखीचं वाटणारच, कल्पनाविस्तार, 'मी नदी बोलतेय', फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी उचलून जी बाजू येईल ती मांडायची, जातकुळी तीच. त्यांच्याकडे आत्मवृत्ताच्या जागी असायचं ते म्हणजे अमुक प्रसंगी अमुक व्यक्ती काय बोलेल ते लिहा. उदाहरणं ठरलेली असायची, मुलं मेल्यावर नायोबी काय बोलेल, ट्रॉय जळल्यावर हेक्युबा काय बोलेल. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, छडीच्या धाकात, म्हाताऱ्या राणीचा आक्रोश लिहितोय.

आता 'हॅम्लेट' काढा. दुसऱ्या अंकात तो भटका नट येतो, ट्रॉयचं भाषण म्हणतो, हेक्युबाचा शोक सांगताना त्याच्या डोळ्यात पाणी येतं, आणि सगळे गेल्यावर हॅम्लेट स्वतःवर चिडतो की हा माणूस त्या हेक्युबाचा कोण लागतो, ती याची कोण लागते, आणि तरी हा रडतो, आणि माझा खरा बाप मेला तरी मी गप्प. आपण हे आजवर मानसशास्त्र म्हणून वाचत आलो. पण त्या थिएटरात बसलेल्या ग्रामर स्कूलच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला हेक्युबा म्हटल्यावर शाळेचा वर्ग आठवत असणार, त्यांनी स्वतः हेक्युबा लिहिलेली होती. म्हणजे हॅम्लेटचा प्रश्न एका परीने शाळेबद्दलचाच आहे, दुसऱ्याचं दुःख सरावाने बोलता येतं, मग आपलं का येत नाही? रेनेसान्स आणि रेटरिक जोडून वाचणारा प्रोफेसर वर्गात हे असलं काहीतरी समोर ठेवतो आणि मग ओळखीचं नाटक एकदम वेगळं दिसायला लागतं, माझ्या मते त्याच्या सगळ्या धंद्याची किंमत इथेच वसूल होते.

शेक्सपिअर स्ट्रॅटफर्डच्या शाळेत गेला याची नोंद शिल्लक नाही, त्या काळातले हजेरीपटच राहिलेले नाहीत, पण नाटकं वाचली की शाळा जागोजागी दिसते. मार्लो कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये होता, स्पेन्सर मर्चंट टेलर्समध्ये मुलकास्टरच्या हाताखाली, बेन जॉन्सन वेस्टमिन्स्टरला कॅम्डनच्या हाताखाली, मिल्टन सेंट पॉल्सला, म्हणजे कोलेटच्याच शाळेत. पुढे मिल्टन केंब्रिजला गेला आणि तिथे त्याला लॅटिनमध्ये भाषण करायला लागलं, विषय काय तर दिवस श्रेष्ठ की रात्र. त्याचं ते भाषण आजही वाचायला मिळतं. आणि मग त्याच कवीच्या 'लालेग्रो' आणि 'इल पेन्सेरोसो' या जोडकविता बघा, एक आनंदी माणसाच्या बाजूने, एक गंभीर माणसाच्या बाजूने, आणि दोन्हीकडे वकीलपत्र तितक्याच ताकदीने घेतलेलं. दोन्ही बाजूंनी बोलता येणं हे त्या शिक्षणाचं हाडच होतं. त्यातून वकील निघाले, मुत्सद्दी निघाले, पाद्री निघाले आणि नाटककारही निघाले, कारण नाटकात प्रत्येक पात्राला आपली बाजू खरी वाटावीच लागते.

रेटरिक शिकवणं हे निरुपद्रवी काम होतं असंही नाही. थॉमस विल्सन नावाच्या माणसाने १५५३ साली इंग्लिशमध्ये रेटरिकचं मोठं पुस्तक लिहिलं, वकिलांना, दरबारी लोकांना, पाद्र्यांना उपयोगी पडेल असं. हा प्रोटेस्टंट, कॅथलिक राणी मेरी गादीवर आल्यावर देश सोडून पळाला, आणि शेवटी रोममध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडी शोधणाऱ्या चर्चच्या कोर्टाच्या, तुरुंगात पडला, आरोपांमध्ये त्याचं तर्कशास्त्राचं आणि हे रेटरिकचं पुस्तकही होतं. १५५९ मध्ये पोप चौथा पॉल मेला, रोमच्या लोकांनी दंगल करून तुरुंग पेटवला आणि त्या गोंधळात विल्सन सुटला. १५६० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने हा सगळा किस्सा सांगितलाय, या पुस्तकाने मला एवढं छळलं आता याला मी हातही लावणार नाही अशा सुरात, आणि ती प्रस्तावना स्वतःच रेटरिकचा अस्सल नमुना आहे. पुढे हाच माणूस एलिझाबेथचा सेक्रेटरी ऑफ स्टेट झाला. त्याच्या पुस्तकात नमुना म्हणून इरॅस्मसचं एक लांबलचक पत्र भाषांतर करून घातलंय, एका तरुणाला लग्न कर म्हणून पटवणारं. शेक्सपिअरची पहिली सतरा सुनीतं, ज्यात तो त्या देखण्या तरुणाला लग्न कर, मूल होऊ दे म्हणून मागे लागतो, ती या पत्राशेजारी ठेवून वाचली की युक्तिवाद ओळखीचे वाटायला लागतात.

खुद्द एलिझाबेथ राणीबद्दलही सांगायला हवं, कारण हे शिक्षण बायकांसाठी नव्हतंच. इटलीत लिओनार्दो ब्रुनीने एका विदुषीला लिहिलेल्या पत्रात बाकी सगळं वाचायला सांगितलं आणि वक्तृत्व तेवढं सोडा म्हणाला, बाईने कोर्टात उभं राहून हातवारे करायचेत थोडेच, असा त्याचा सूर. एलिझाबेथला अॅस्कम मिळाला तो राजघराण्यातली म्हणून. १५९७ मध्ये पोलंडचा वकील दरबारात आला, सगळ्यांना वाटलं गोडगोड बोलेल, त्याने लॅटिनमध्ये राणीला चक्क सुनावलं, आणि राणीने जागेवरच, तयारी वगैरे काही नाही, अस्खलित लॅटिनमध्ये त्याचा असा पाणउतारा केला की दरबार खूश. रॉबर्ट सेसिलने ते लगेच पत्रात लिहून कळवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं.

मग त्या काळात रेटरिकचा प्रोफेसर असा काही प्रकार होता का? होता की. गेब्रिएल हार्वी १५७४ पासून केंब्रिजला रेटरिक शिकवायचा, त्याची तिथली लॅटिन व्याख्यानं १५७७ मध्ये छापली गेली. सॅफ्रन वॉल्डन नावाच्या गावातल्या दोर वळणाऱ्याचा मुलगा, हुशार, महत्त्वाकांक्षी, स्पेन्सरचा मित्र आणि भयंकर भांडखोर. थॉमस नॅशबरोबर त्याची छापील भांडणं इतकी गाजली की १५९९ साली बिशपांनी हुकूम काढला, नॅश आणि हार्वीची पुस्तकं जिथे सापडतील तिथे जप्त करा आणि पुन्हा छापू नका. हार्वीला हवी तशी मोठी पदं काही मिळाली नाहीत, पण त्याची पुस्तकं राहिली, आणि त्या पुस्तकांच्या समासात त्याने आयुष्यभर बारीक सुंदर अक्षरात टिपणं केली. लिसा जार्डिन आणि अँथनी ग्राफ्टन या दोघांनी १९९० मध्ये त्याच्या लिव्हीच्या, म्हणजे प्राचीन रोमन इतिहासकाराच्या, प्रतीतल्या टिपणांवर एक लेख लिहिला, आणि वाचन कसं केलं जायचं याचा इतिहास हे एक अख्खं क्षेत्रच त्यातून बळकट झालं. हार्वी लिव्ही वाचायचा तो करमणूक म्हणून नव्हे, कोणत्या सरदाराला कोणत्या कामासाठी यातलं काय सांगता येईल या हिशोबाने. वाचन म्हणजे दारूगोळा भरून ठेवणं.

लंडनमध्ये १५९७ ला ग्रेशम कॉलेज सुरू झालं, सर थॉमस ग्रेशमच्या मृत्युपत्रातून, सात प्रोफेसर, त्यातला एक रेटरिकचा, व्याख्यानं सगळ्या लोकांना फुकट. ती खुर्ची आजही आहे.

पडझड सुरू झाली ती कुठून, याचं एक उत्तर पॅरिसमध्ये आहे. पेत्रुस रामुस. या माणसाने म्हटलं की मुद्दे शोधणं आणि त्यांची मांडणी करणं हे तर्कशास्त्राचं काम, रेटरिककडे राहूदे फक्त शब्दांची सजावट आणि बोलण्याची ढब. सिसेरोच्या परंपरेत रेटरिकचे पाच भाग, मुद्दे शोधणं, मांडणी, शब्दकळा, स्मरण आणि बोलण्याची ढब, त्यातले महत्त्वाचे दोन असे काढून दिले, स्मरणशक्तीचा भाग वेगळा शिकवायची गरज नाही म्हणून तोही गळाला. रामुसची पुस्तकं सोपी, सुटसुटीत, प्रत्येक विषय दोन फांद्या, त्यांच्या दोन दोन फांद्या, असे कंसांचे तक्ते, परीक्षेला एकदम सोयीचे (गाइडवाल्यांचा आद्य पुरुष म्हणायला हरकत नाही). १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यूच्या, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांच्या, कत्तलीत तो मारला गेला आणि प्रोटेस्टंट देशांत हुतात्मा झाला, त्यामुळे पुस्तकं आणखी खपली. मार्लोने तर त्याचा खून स्टेजवर दाखवलाय. पण 'रेटरिक म्हणजे नुसते अलंकार' ही जी आपली समजूत, ती घट्ट व्हायला रामुसने मोठाच हातभार लावला.

सतराव्या शतकात विज्ञानवाल्यांनी वरून घाव घातला. रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना थॉमस स्प्रॅटने १६६७ मध्ये फुगवलेल्या भाषेवर हल्ला चढवला, जेवढ्या गोष्टी तेवढेच शब्द हवेत म्हणाला. लॉक या तत्त्वज्ञाने १६९० मध्ये रेटरिकला फसवणुकीचं हत्यार म्हटलं, आणि गंमत म्हणजे ते म्हणताना त्याने रेटरिकची तुलना सुंदर बायकांशी केली, म्हणजे अलंकार वापरूनच अलंकाराला शिव्या.

तरीही विषय मेला नाही, त्याने कपडे बदलले. स्कॉटलंडमध्ये अॅडम स्मिथ, हो तोच अर्थशास्त्रवाला, १७४८ पासून एडिंबरामध्ये रेटरिकवर व्याख्यानं देत होता, आणि १७६२ मध्ये ह्यू ब्लेअर तिथल्या युनिव्हर्सिटीत रेटरिक आणि ललित साहित्याचा रीजियस, म्हणजे राजाने नेमलेला, प्रोफेसर झाला. इथे नकळत दिशा फिरली. आधी विद्यार्थी बोलायला, लिहायला शिकण्यासाठी थोरांचं वाचत होता, आता थोरांचं वाचून रसिक व्हायला लागला. इंग्लिश साहित्य हा स्वतंत्र विषय याच्या आसपासच आकाराला येतो, आणि त्यात आपला संबंध असा की गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये दाखवलं तसं, इंग्लिश साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून इंग्लंडच्या युनिव्हर्सिट्यांआधी हिंदुस्थानात पक्का रुजला. ऑक्सफर्डला इंग्लिशची वेगळी पदवी यायला १८९० चं दशक उजाडलं, तोवर मुंबई युनिव्हर्सिटीला साडेतीन दशकं झाली होती, कोल्हटकरांचं 'ऑथेल्लो'चं मराठी भाषांतर १८६७ मध्ये छापून झालं होतं, आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे 'हॅम्लेट', १८८३ मध्ये आलं होतं. आपल्या आजोबा-पणजोबांना शेक्सपिअर मिळाला तो आधीच रेटरिकपासून वेगळा केलेला, स्वभावचित्रण, नीती, विकार यांचा शेक्सपिअर. शाळेतल्या हेक्युबाचा नव्हे.

वाटणीचा खरा कागद झाला अमेरिकेत, हार्वर्डला. तिथे बॉइल्स्टन नावाच्या व्यापाऱ्याच्या देणगीतून रेटरिकची प्रोफेसरशिप होती, १८०६ मध्ये पहिला प्रोफेसर झाला जॉन क्विन्सी अॅडम्स, जो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. १८५१ मध्ये त्याच खुर्चीवर बसला फ्रान्सिस जेम्स चाइल्ड. बॉस्टनच्या शीड शिवणाऱ्याचा मुलगा (हार्वीचा बाप दोर वळणारा, याचा शीड शिवणारा, दोघे मिळून जहाजच झालं असतं), त्याचं खरं प्रेम स्पेन्सरवर, चॉसरवर आणि जुन्या बॅलड्सवर, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांवर. १८५५ मध्ये त्याने स्पेन्सरची आवृत्ती काढली. पण नोकरी कसली, तर मुलांचे निबंध तपासायची, गठ्ठेच्या गठ्ठे, पंचवीस वर्षं. ज्याने कधी बी.ए.चे पेपर तपासलेत त्याला वेगळं सांगायला नको. १८७६ मध्ये नव्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीने त्याला बोलावलं, आणि तो जाऊ नये म्हणून हार्वर्डने त्याला इंग्लिशचा प्रोफेसर केलं, तिथला पहिलाच, आणि रेटरिक, म्हणजे निबंधांचे गठ्ठे, दुसऱ्याकडे गेले. मग चाइल्डने ३०५ बॅलड्सचा तो प्रचंड संग्रह केला. अमेरिकन इंग्लिश डिपार्टमेंटचा नकाशा इथे ठरला, साहित्य शिकवणारा तो मोठा, लिहायला शिकवणारा तो हमाल. १९१४ मध्ये भाषण शिकवणाऱ्या सतरा शिक्षकांनी इंग्लिशच्या संघटनेतून बाहेर पडून स्वतःची वेगळी संघटना काढली, म्हणजे बोलणं एका डिपार्टमेंटात, लिहिणं पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या कोर्सात आणि वाचन वरच्या मजल्यावर. क्विंटिलियनच्या घराचे तीन तुकडे.

आणि मग विसाव्या शतकाच्या मध्यावर, थोड्याशाच वर्षांत, काही लोकांनी तुकडे परत शेजारी मांडायला सुरुवात केली. १९४४ मध्ये टी. डब्ल्यू. बॉल्डविनने दोन जाडजूड खंडांत शेक्सपिअरच्या काळातली शाळा पुस्तक-पुस्तक, इयत्ता-इयत्ता उभी केली, बेन जॉन्सनने जी 'थोडी लॅटिन, त्याहून थोडी ग्रीक' म्हटली होती ती थोडी म्हणजे किती ते दाखवलं, आणि ती आजच्या हिशोबाने भरपूर निघाली. १९४७ मध्ये सिस्टर मिरियम जोसेफ या नन बाईंनी ट्यूडर काळातल्या दोनशेच्या वर अलंकारांना शेक्सपिअरमधली उदाहरणं जोडून दाखवली, पण यादी म्हणून नाही, प्रत्येक अलंकार हा विचार करण्याची एक चाल आहे असं म्हणून. त्याच वर्षी रोझमंड ट्यूव यांचंही पुस्तक आलं, त्यात कवींच्या प्रतिमा या युक्तिवादाचा भाग म्हणून वाचल्या होत्या. आणि १९४३ मध्ये केंब्रिजला एका कॅनेडियन माणसाने पीएच.डी. केली होती ती थॉमस नॅशवर, म्हणजे हार्वीच्या त्या वैऱ्यावर, पण लिहिला मात्र व्याकरण, तर्क आणि रेटरिक यांच्या जुन्या भांडणाचा अख्खा इतिहास. त्या माणसाचं नाव मार्शल मॅक्लुहान. 'माध्यम हाच संदेश' वाला. त्याचा सेंट लुइसचा विद्यार्थी वॉल्टर ऑंग, जेझुइट पाद्री, याने १९५८ मध्ये रामुसवर ग्रंथ लिहिला, कंसांच्या त्या तक्त्यांमुळे ज्ञान कानाकडून डोळ्याकडे कसं सरकलं ते सांगणारा. टीव्ही-रेडिओवरच्या आजच्या मीडिया थिअरीचं एक मूळ असं एलिझाबेथच्या काळातल्या रेटरिकच्या वर्गात निघतं, आणि हे मास कम्युनिकेशनच्या किती विद्यार्थ्यांना सांगितलं जातं देव जाणे.

पुढे १९७८ मध्ये जोएल ऑल्टमन यांनी ट्यूडर नाटक म्हणजे दोन्ही बाजूंनी वाद घालण्याच्या त्या सवयीचंच मोठं रूप कसं ते मांडलं, १९८० मध्ये स्टीफन ग्रीनब्लॅट आला आणि न्यू हिस्टॉरिसिझमची लाट सुरू झाली, सत्ता, दरबार, वसाहती, त्यात रेटरिक थोडं बाजूला पडलं. १९९६ मध्ये क्वेंटिन स्किनर यांनी हॉब्जसारखा तत्त्वज्ञ रेटरिकला शिव्या घालत घालत शेवटी तिच्याकडेच कसा परतला ते लिहिलं, आणि २०१४ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांत कोर्टातल्या भाषणाची रचना दाखवली. लिन एंटरलाइन यांनी २०१२ मध्ये त्या छडीच्या वर्गाकडे आणि मुलग्यांनी बायकांचा शोक लिहिण्याकडे नव्याने बघितलं. दुसरीकडे पुस्तकं मिळणं सोपं झालं, १९३० च्या दशकापासून ब्रिटिश म्युझियमची जुनी पुस्तकं मायक्रोफिल्मवर घेतली जात होती, त्यातून पुढे 'अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन' झालं, आणि १ जानेवारी २०१५ ला त्यातल्या पंचवीस हजारांच्या आसपास पुस्तकांचा टाइप केलेला मजकूर सगळ्यांना फुकट खुला झाला. विल्सनची ती तुरुंगाची प्रस्तावना वाचायला आता लंडनला जावं लागत नाही.

वर्गात हे सगळं कसं येतं? एक नेहमीचा खेळ म्हणजे 'ज्युलियस सीझर'मधली दोन भाषणं. ब्रूटस गद्यात बोलतो, नेटकं, तोललेलं, एकाच साच्यातले तीन प्रश्न, असा नीच कोण आहे, असा रानटी कोण आहे, असा देशद्रोही कोण आहे, असेल तर बोला, आणि उत्तरासाठी थांबतो. लोक खूश. मग अँटनी येतो, म्हणतो मला काही ब्रूटससारखं बोलता येत नाही बाबा, आणि ब्रूटस सन्माननीय माणूस आहे हे एवढ्या वेळा म्हणतो की शेवटी त्या शब्दाचा चोथा होतो, मध्येच रडतो, मृत्युपत्र दाखवतो पण लगेच वाचत नाही, प्रेतावरचं कापड काढतो. प्रोफेसर मुलांना विचारतो, ब्रूटस हरला का, त्याचं भाषण वाईट होतं का? नव्हतं. मग वर्गात वाद पेटतो, आणि मग तो सांगतो की आता घरी जाऊन ब्रूटससाठी दुसरं भाषण लिहा, अँटनीनंतर उभं राहायचं आहे असं समजून. पाचशे वर्षांपूर्वीचाच सराव आहे हा, फक्त छडी नाही. आपल्याकडे एम.ए.ला हे करायला कोणाची ना नाही, पण ऐंशी मुलांचा वर्ग, सेमिस्टर आणि परीक्षेला येणारा ठरलेला प्रश्न, यातून वाट काढायची म्हणजे कठीणच, तरी जे शिक्षक काढतात त्यांच्या वर्गात मुलं टिकतात हेही खरं.

आणि मराठी माणसाने या क्षेत्रात काय करावं असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. इंग्लंडमधल्या विल्टशायरचा एक मुलगा, जन्म १५४९ च्या सुमारास, म्हणजे विल्सनचं पुस्तक निघालं तेव्हा चार-पाच वर्षांचा. कॅथलिक. १५७५ मध्ये रोमला जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्याला उतरला, तिथून बापाला लिहिलेलं त्याचं पत्र हॅक्लुइटने १५८९ च्या आपल्या प्रवाससंग्रहात छापलं. हा थॉमस स्टीफन्स, आपला फादर स्टीफन्स. शेक्सपिअर गेला त्याच १६१६ साली राशोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून आलं, अकरा हजारांच्या घरात ओव्या, मराठीत. त्यातलं मराठीचं कौतुक आपण शाळेत पाठ केलंय, दगडगोट्यांत रत्न, रत्नांत हिरा, फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, झाडांत कल्पतरू, एकच गोष्ट फिरवून फिरवून दहा तऱ्हांनी सांगितलेली. हे ज्ञानेश्वरांच्या दृष्टांतमाळेतून आलंय हे कोणीही मराठी वाचक सांगेल, ओवीही तिथलीच. पण जेझुइटांच्या शिक्षणात रेटरिक हा मोठा टप्पा होता, सिसेरो घोकल्याशिवाय सुटका नव्हती, आणि इरॅस्मसच्या शंभर वाक्यांचा रियाज तर त्या पिढीच्या हवेतच होता. ओवी-ओवीला दोन्ही परंपरा शेजारी ठेवून बघायला हव्यात, कुठे पुराणिकाची चाल आहे, कुठे क्विंटिलियनची, कुठे दोन्ही एकमेकांत बेमालूम मिसळल्यात. मूळ छापील प्रती राहिलेल्या नाहीत, १६४९ आणि १६५४ च्याही नाहीत, हस्तलिखितांवरून सालढाणांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती काढली आणि देवनागरीतली एक पोथी लंडनला मार्सडेनच्या संग्रहात निघाली. या कामाला लॅटिन लागेल, जुनी मराठी लागेल, ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत वाचलेलं लागेल. इंग्लिशच्या डिपार्टमेंटात बसून मराठीच्या डिपार्टमेंटात रोज चहा प्यायला जावं लागेल, आणि आपल्याकडच्या युनिव्हर्सिट्यांत ही दोन डिपार्टमेंटं बहुतेक वेळा एकाच कॉरिडॉरमध्ये असतात.